विमा बँकेचा, बोजा मात्र आपला!

आपल्या समाजातील तरुण आज मंडप, केटरिंग, फॅब्रिकेशनच्या धंद्यात उतरला आहे. कोणी मुद्रा योजनेतून, तर कोणी 2016 साली सुरू झालेल्या स्टँड-अप इंडियातून कर्ज उचलले. विमा काढला का, असे विचारले की तो बँकेने काढायला लावलेली पॉलिसी दाखवतो. ती एकदा वाचून पाहा. ती माल, यंत्र आणि गाळ्याची असते. गोदाम जळाले तर त्या पैशावर पहिला हक्क बँकेचा. पण तुमच्या मंडपाचा खांब पाहुण्याच्या अंगावर पडला, तर त्यातून दमडी मिळत नाही.

मंडप म्हणजे किरकोळ धंदा नव्हे. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या कार्यक्रमात मंडपाला आग लागली आणि 442 माणसे गेली. त्यात कितीतरी लहान मुले होती. भरपाईचा उच्च न्यायालयाचा आदेश आला 2009 साली!

धंदा एकट्याच्या नावावर असेल, तर कायदा धंदा आणि मालक वेगळे मानत नाही. हुकूमनाम्याची वसुली घरापर्यंत येऊ शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 कारागिराची हत्यारे जप्तीतून वाचवते, पण राहते घर सरसकट वाचवत नाही.

यासाठी असते ती पब्लिक लायबिलिटी पॉलिसी. 1991 च्या कायद्याने तिची सक्ती धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्यांवर आहे, इतरांना ती ऐच्छिक. म्हणून एजंटही तिचे नाव काढत नाही. हप्ता लहान, मग कमिशनही लहानच! घेताना विचारा: एका अपघाताला किती रक्कम, वर्षभरात किती, कोर्टखर्च धरला आहे का. केटरिंगवाल्यांनी जेवणातील विषबाधेचे स्पष्ट लिहून घ्यावे.

ही पॉलिसी परक्या माणसासाठी आहे, तुमच्या कामगारासाठी नाही. त्याचा विमा वेगळा. आपलाच मालक आपल्याच वस्तीतल्या पोराला बिनविम्याचा खांबावर चढवतो, हेही बोलले पाहिजे.

अपघात झालाच तर आधी जखमीला दवाखान्यात न्या, मग कंपनीला ताबडतोब लेखी कळवा. कंपनीला न विचारता 'चूक माझी, पैसे देतो' असे लिहून देऊ नका. दावा फेटाळला, तर एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांना विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. नकार आल्यापासून वर्षाच्या आत तक्रार करावी. फी नाही, आणि तिथे वकील चालत नाही. हे मी वकील असून सांगतो.