बालकांच्या भावना आणि त्यांना नाव देणारी भाषा

पहिलीच्या वर्गात एक मूल शेजारच्याला ढकलते. शिक्षक विचारतात, "का ढकललंस?" मूल मान खाली घालून गप्प उभे राहते. हे गप्प राहणे बहुधा उद्धटपणा समजले जाते आणि शिक्षा वाढते. वास्तविक अनेकदा त्या मुलाजवळ उत्तरासाठी शब्दच नसतो. आत काय झाले हे त्याला जाणवलेले असते, पण सांगता येत नाही.

'भावनिक बुद्धिमत्ता' ही संज्ञा पीटर सॅलोव्हे व जॉन मेयर यांच्या 1990 च्या लेखामुळे शास्त्रीय चर्चेत आली आणि डॅनिअल गोलमन यांच्या 1995 च्या ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाली. आपल्याकडील प्रशिक्षणार्थी तिची व्याख्या पाठ करतात. सहा वर्षांच्या मुलासमोर नेमके काय करायचे, हा प्रश्न मात्र व्याख्येने सुटत नाही. त्यासाठी थोडे मागचे व काहीसे दुर्लक्षित राहिलेले काम पाहणे उपयुक्त ठरेल.

1980 च्या दशकात अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात मार्क ग्रीनबर्ग व कॅरोल कुशे यांनी 'पाथ्स' नावाचा अभ्यासक्रम तयार केला. तो प्रथम कर्णबधिर मुलांसाठी होता, ही बाब महत्त्वाची आहे. ऐकू येणाऱ्या आईवडिलांना खुणांची भाषा पुरेशी येत नसे. त्यामुळे 'तुला भीती वाटते आहे का', 'ताई रुसली आहे' अशी रोजच्या घरातील बोलणी या मुलांपर्यंत पोहोचतच नसत. मनातल्या मनात स्वतःशी बोलून स्वतःला आवरण्याचे साधन त्यांना अपुरे मिळे आणि मग हात आधी उठे. व्हिगॉट्स्की यांनी आंतरिक भाषेविषयी मांडलेला विचार ज्यांनी शिकवला आहे, त्यांना हा संबंध लगेच लक्षात येईल.

या अभ्यासक्रमात चेहऱ्यांच्या चित्रांवरून भावना ओळखायला शिकवतात. भावनांचे 'चांगल्या' व 'वाईट' असे वर्ग पाडत नाहीत. सुखद व असुखद एवढाच भेद करतात. राग येणे चूक नाही, रागाने मारणे चूक आहे, हे मुलाला वेगवेगळे करून दाखवले जाते. लहान मुलांसाठी कासवाची युक्ती आहे. शाळेत सतत अडचणीत येणाऱ्या छोट्या कासवाला एक वृद्ध कासव सांगते, की आपले घर आपल्या पाठीवरच आहे. ही गोष्ट ऐकल्यावर मुले राग आला की थांबतात, हाताची घडी छातीशी घेतात, दीर्घ श्वास घेतात आणि मग काय झाले व कसे वाटले ते सांगतात. शेवटची पायरी गाळली तर ही केवळ गप्प बसवण्याची नवी रीत उरते. अनेक ठिकाणी नेमके तेच होते.

ज्यांना कासवाची गोष्ट परकी वाटेल त्यांनी आपल्या परंपरेकडे पाहावे. राग आल्यास उभा असणाऱ्याने बसावे, तरीही न ओसरल्यास आडवे व्हावे, अशी पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. शरीराची स्थिती बदलून कृती लांबवणे हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे, आणि मुलांच्या घरी ते आजी-आजोबांना ठाऊक असते.

कर्णबधिर मुलांचा हा अनुभव सीमाभागातील वर्गांना वेगळ्या अंगाने लागू पडतो. बेळगाव परिसरातील अनेक मुस्लिम मुले घरी दखनी बोलतात व शाळेत मराठी किंवा कन्नड शिकतात. या मुलांपाशी शब्द असतात, पण ते घरच्या भाषेत. 'गुस्सा', 'डर' चटकन सांगता येते; 'हिरमुसणे', 'ओशाळणे', 'वैतागणे' यांतील छटा अजून हाती आलेल्या नसतात. शिक्षकाने प्रथम घरचा शब्द स्वीकारावा आणि मग त्याच्या शेजारी मराठी शब्द ठेवावा. उलट क्रमाने गेल्यास भावनांचा पाठ शब्दार्थांचा पाठ होऊन बसतो. मराठीची एक सोय मात्र येथे कामी येते. पोटात गोळा येणे, घसा दाटून येणे, तळपायाची आग मस्तकात जाणे असे आपले वाक्प्रचार भावना शरीरात कोठे जाणवते तेच सांगतात. 'पोटात दुखतंय' म्हणणाऱ्या मुलाला भीती वाटते आहे का, हे विचारण्याची वाट त्यातून सापडते. (कधी पोट खरोखरच दुखत असते, हेही विसरू नये.)

परिणामांविषयी अतिशयोक्ती नको. डुर्लाक व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अशा 213 शालेय कार्यक्रमांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत 2,70,034 विद्यार्थी होते. वर्तनात सुधारणा आणि अभ्यासातील संपादणुकीत सरासरी 11 शततमकांची वाढ आढळली. शाळेतील शिक्षकांनी चालवलेले कार्यक्रम या दोन्ही बाबतींत उपयोगी ठरले, हा निष्कर्ष अध्यापक महाविद्यालयांसाठी मोलाचा आहे. पण इंग्लंडमधील 'पाथ्स'च्या चाचणीत (अहवाल 2015) वाचन-गणितात लाभ दिसला नाही. म्हणून गुण वाढतील या आशेने हे काम हाती घेऊ नये.

आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी केली. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने 3 ते 8 वयोगटासाठी सामाजिक-भावनिक विकास हे उद्दिष्ट मानले. छडी गेली, तिच्या जागी काय करायचे याचा सराव मात्र पाठनियोजनाच्या वहीत क्वचितच दिसतो. सराव पाठांच्या काळात प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने आठवडाभर एकाच वर्गातील भांडणांची नोंद ठेवावी: मुलाने कोणता शब्द वापरला, कोणत्या भाषेत, आणि त्या क्षणी शिक्षकाचा स्वतःचा आवाज किती चढला होता. शेवटचा रकाना भरणे सर्वांत अवघड जाते.