लांकडाला झिलई देणारें कापडी चाक

करवत, रंधा, पटाशी हीं हत्यारें जपून वापरावींत हें सुतारकामाचा नाद असलेल्या गृहस्थास सांगावें लागत नाहीं. परंतु काम संपतां संपतां लांकडावर जें तेज चढतें, तें ज्या कापडी चाकामुळें चढतें त्याचीहि तितकीच निगा राखावी लागते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. आमच्या ती आली तेव्हां उशीर झाला होता.

आमच्या आजीचा हळदूच्या लांकडाचा कुंकवाचा करंडा घरांत होता. हळदूचें लांकूड पिवळसर, बारीक पोताचें व कातकामास उत्तम. ज्या चाकावर दिवाळीपूर्वीं समया उजळल्या होत्या, त्याच चाकावर उत्साहाच्या भरांत आम्हीं हा करंडा धरला. क्षणार्धांत पितळेची काळी मळी लांकडाच्या रंध्रांत शिरली. कांचकागदानें घासल्यावर काळेपणा कमी झाला खरा, पण झाकणावरील नाजूक कातीव रेषाहि त्याबरोबर नाहींशा झाल्या.

या चाकाचें मर्म घर्षणानें उत्पन्न होणाऱ्या उष्णतेंत आहे. बंगळूर व म्हैसूर यांच्या दरम्यान असलेल्या चन्नपट्टण गांवचे कारागीर फिरत्या लांकडी खेळण्यावर लाखेची कांडी दाबतात. ती वितळून लांकडावर पसरते व मग केवड्याच्या जातीच्या पानानें तिला चकाकी आणतात. तेथें लांकूड फिरतें. कापडी चाकाच्या कामीं लांकूड हातांत असतें व चाक फिरतें, एवढाच भेद.

चाक घरीं करावयाचें असल्यास पुष्कळदां धुतलेलें, खळ नसलेलें जुनें सुती धोतर सर्वांत चांगलें. नायलॉन किंवा पॉलिएस्टर मिसळलेलें कापड उष्णतेनें वितळतें, म्हणून तें मुळींच घेऊं नये. ८ इंच व्यासाचीं सुमारें ४० वर्तुळें कापावींत व एकावर एक रचतांना प्रत्येक थर किंचित् फिरवून ठेवावा, म्हणजे उभे-आडवे धागे सर्व बाजूंस सारखे विभागले जातात. मध्यापासून अर्ध्या अर्ध्या इंचावर शिवणीचे फेर घालावे. कांठाकडील दीड इंच मात्र मोकळा ठेवावा. हा मऊ कांठच नक्षीच्या खोबणींत शिरतो. दोन्ही बाजूंस रुंद लोखंडी चकत्या घालून नट घट्ट आवळावा.

नवें चाक प्रथम बाजूस उभें राहून दोन-तीन मिनिटें मोकळेंच फिरवावें. मग तें थांबवून सुटलेले धागे कात्रीनें कापावे व पुन्हां फिरवून, फळीवर ठोकलेला जाड कांचकागद कांठास हलकेच लावून तें गोल करून घ्यावें. थरथरणारें चाक कधींहि वापरूं नये. मिनिटास सुमारें १४४० फेरे घेणारी विजेची मोटर पुरे. त्या वेगांत ८ इंची चाकाचा कांठ मिनिटाला सुमारें ३००० फूट धांवतो. वेग दुप्पट केला कीं उष्णतेनें लांकडावरील लेप मऊ पडूं लागतो.

चाकें तीन असावींत. पहिल्यावर तपकिरी त्रिपोलीची वडी, दुसऱ्यावर पांढरी व अधिक बारीक अॅल्युमिनियम ऑक्साइडची आणि तिसऱ्यावर कार्नोबा मेण. ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवर मिळणारें हें मेण सुमारें ८२ ते ८६ अंश सेंटिग्रेडला वितळतें. मधमाशीचें मेण ६२ ते ६४ अंशांसच. यावरून त्याचा कठीणपणा समजेल. वडी चाकास एक-दोन सेकंदच टेकवावी. अधिक लावल्यास लांकडावर पट्टे उठतात.

वस्तु धरण्याची रीति नीट समजून घ्यावी. चाकाचा समोरील कांठ खालीं जात असला पाहिजे व वस्तु त्याच्या मध्याच्या खालीं टेकवावी. वस्तूची वरची कड चाकास कधींहि लागूं देऊं नये. ती अडकली कीं वस्तु हातांतून हिसकली जाते. याकरितां खालीं जुनी गोधडी पसरावी. उपरणें, पदर, मोकळे केस यांना चाकाजवळ थारा नसावा. डोळ्यांस चष्मा व नाकातोंडास चांगला धूळरोधक मुखवटा हवाच, कारण त्रिपोलींत सिलिका असते व तिची धूळ फुफ्फुसांस घातक आहे.

वापरानें कांठ तुकतुकीत व कठीण झाला कीं पुन्हां कांचकागदाची फळी लावून तो मोकळा करावा. कांठ झिजून शिवणीपर्यंत आला तर बाहेरील एक फेर उसवावा. कापसाचें उडालेलें तूस रोज झाडून काढावें व धार लावण्याच्या दगडाच्या ठिणग्यांपासून चाक दूर ठेवावें. प्रत्येक चाकास स्वतंत्र पिशवी असावी व तीवर नांव लिहावें. धातूचें चाक तर निराळ्याच खुंटीवर टांगावें.

आजीचा करंडा आतां पुन्हां झळाळतो. झाकणावर बोट फिरवितां तें कोठेंच अडत नाहीं. पूर्वीं तें त्या रेषांवर अडत असे.