खट् नेमकं कुठून येतंय?

आपल्या थिअरी ऑफ मशीन्समध्ये 'नॉइज' या एका शब्दावर सगळं भागतं. मराठीत बघा : खडखड, खट्, धप्प, कुरकुर, चर्र, टकटक. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे माझं निम्मं मराठी आजीकडून आलंय आणि निम्मं नेरूळच्या गॅरेजेसमधून. पण जुन्या गाडीचा आवाज शोधताना हेच मराठी उपयोगी पडलं. "काका, पुढून आवाज येतोय" एवढंच सांगितलं की काका शॉकअप बदलतात. "ब्रेक मारला की एकदाच खट् होतं" असं सांगितलं की काका विचार करतात!

गाडी मामाची, 2004 ची मारुती 800. हे मॉडेल 1983 ते 2014 बनत होतं, त्यामुळे पार्ट्सची चिंता नाही. उलट तोच प्रॉब्लेम! पार्ट मिळतोय म्हणून बदलत राहायचं. पुढचे दोन्ही शॉकअप झाले, एक टाय रॉड एंड झाला, आवाज होता तिथेच. त्यात गणपतीला आजीला घेऊन चिपळूणला जायचं होतं, आणि मामीने सांगून टाकलं, "आवाज सापडल्याशिवाय आईंना या गाडीत बसवणार नाही."

मामीचं बरोबर होतं. तो आवाज एखाद्या सुकलेल्या रबराचा असू शकतो, नाहीतर सॉकेटमधून निसटायला आलेल्या बॉल जॉइंटचा. रबरामुळे फार तर डोकं दुखतं. बॉल जॉइंट निसटला तर चाक बाहेर फाकतं आणि स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नसतो. आतल्या माणसाला दोन्ही आवाज जवळजवळ सारखेच!

कानावर विसंबून जागा ओळखता येत नाही, याचं कारण फिजिक्समध्ये आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, स्टीलमध्ये 5000 च्या वर. गाडीची बॉडी म्हणजे एक वेल्ड केलेला पत्र्याचा डबाच. उजव्या चाकाची खट् डॅशबोर्डच्या मधोमध ऐकू येते. म्हणून "कुठून येतोय?" हा प्रश्न सोडून "कधी येतोय?" हा विचारायचा.

आधी डिकी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाने सगळं बाहेर. (हसू नका, कित्येक 'सस्पेन्शन' इथेच दुरुस्त होतात.) मग पाम बीच रोडवर जाऊ नका, तिथे गाडी शहाण्यासारखी वागते. सेक्टरमधला पेव्हर ब्लॉकचा रस्ता पकडा. बारीक खडखड येत असताना ब्रेक हलका दाबला आणि ती थांबली, तर ब्रेक पॅड. स्टिअरिंग पूर्ण वळवून रेस दिल्यावर टकटकटक, तर अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट; सस्पेन्शन निर्दोष. पावसात गायब होऊन ऊन पडल्यावर परत येणारी कुरकुर म्हणजे रबरी बुश. एकेका बुशवर पाणी मारत जा, ज्याने गप्प बसेल तो चोर. ऑइल मात्र मारू नका, रबर फुगतं.

उभ्या गाडीत एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने टाय रॉड एंडवर हात ठेवायचा. चाकं जमिनीवरच हवीत, तरच जॉइंटवर लोड येतो आणि ढिलेपणा हाताला टिचकीसारखा लागतो. स्प्रिंगवर हात ठेवल्यावर ती पिळली जाऊन एकदम उडी मारत असेल, तर वरच्या स्ट्रट माउंटिंगचं बेअरिंग अडकतंय. नंतर चाक उचलून (स्टँड लावूनच, नुसत्या जॅकवर नाही) वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बहुधा बॉल जॉइंट. माझ्या मते एवढी एक टेस्ट सगळ्या प्रॅक्टिकल्सच्या वरची आहे.

आमच्या 800 मध्ये हे सगळं ठीक निघालं. खट् यायची ती फक्त ब्रेकवर. मग इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये, मी आणि मामेभावाने गाडी पार्किंगमध्ये ढकलली, मामाने ब्रेक मारला : खट्. पुन्हा पुढे ढकलून ब्रेक : काहीच नाही. मागे ढकलून ब्रेक : खट्! म्हणजे काहीतरी एका बाजूला सरकून तिथेच बसत होतं आणि दिशा बदलली की परत येत होतं.

असं वागणारे दोघेच संशयित उरले : ब्रेक पॅड किंवा लोअर आर्म. या गाडीत स्टॅबिलायझर बार दुहेरी ड्यूटी करतो. गाडी झुकू देत नाहीच, शिवाय लोअर आर्मला पुढे-मागे धरून ठेवणाराही तोच. आर्ममधून जाणाऱ्या त्याच्या टोकावरचे बुश झिजले, की ब्रेकला चाकासकट आर्म मागे सरकतो. गॅरेजमधल्या काकांनी टॉमी लावून ढकललं, तर उजवीकडचा आर्म डोळ्यांना दिसेल इतका हलला. रबराचा अक्षरशः भुगा झाला होता. पॅड घट्ट होते.

बुश बसवताना एक गोष्ट सांभाळायची. आर्मच्या आतल्या टोकाचा बोल्ट सैल केला असेल तर तो शेवटचा आवळायचा तो चाकं जमिनीवर असताना. लटकत्या आर्मवर आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर अलाइनमेंट. आणि ढिल्या बॉल जॉइंटमध्ये कोणी ग्रीस भरून आवाज बंद करून देत असेल, तर नको म्हणा. आवाज जातो, ढिलेपणा तसाच राहतो!

हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या सेकंडहँड बाइकवाल्यांनो, तुमच्यासाठीही हेच. पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढे-मागे ढकला. खट् लागली तर मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून फोर्कची खालची टोकं धरून हलवा. तिथे खेळ लागला तर कोनसेट ढिला आहे. आणि हँडल सावकाश फिरवताना बरोबर मधोमध अडकल्यासारखं वाटलं, तर आवळून काही होणार नाही, कोनसेट नवीनच घ्या.