हजार माणसांची बैठक

हिंदुस्थानी संगीत खोल्यांत वाढलं. दरबार, कोठी, वाड्यातला दिवाणखाना, गिरगावातल्या एखाद्या शौकिनाची बैठकीची खोली. गवयाचा हात स्वराबरोबर कसा वळतो हे समोरच्याला दिसतं, समेवर दोघांची नजर मिळते, तंबोऱ्याची जवारी भिंतीला टेकून बसलेल्यालाही ऐकू येते. हे संगीत हजार माणसांपुढे मांडायचं आणि तेही माइकशिवाय, ही इच्छा धाडसाची होती. मुंबईत नरिमन पॉइंटच्या टोकाला एनसीपीएचं टाटा थिएटर उभं आहे ते या इच्छेपायी.

ती इच्छा धरणारे जमशेद भाभा. अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचे हे धाकटे बंधू. होमी स्वतः चित्रं काढत, पाश्चात्त्य संगीतात रमत. 1966मध्ये माँ ब्लाँच्या विमान अपघातात ते गेले. 1969मध्ये टाटांच्या न्यासाच्या पाठबळावर जमशेदजींनी नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, म्हणजेच एनसीपीए, सुरू केलं. पहिली जागा भुलाभाई देसाई रस्त्यावरच्या आकाशगंगा इमारतीत. पुढे समुद्रात भराव टाकून मिळालेल्या जमिनीवर कायमचं संकुल उभं करायला घेतलं.

संस्थेने नुसत्या खुर्च्या आणि पडदे विकत घेतले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. वीणावादक आणि आकाशवाणीचे माजी महासंचालक नारायण मेनन इथे कार्यकारी संचालक होते. पु. ल. देशपांडे मानद संचालक होते, आणि मराठी नाट्यसंगीत व लोककलांचं ध्वनिमुद्रण त्यांनी मन लावून करवून घेतलं. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर 1968मध्ये उघडलं, त्यामागेही पु. लं.चीच तळमळ होती. अशोक रानडेंसारखा संगीतशास्त्रज्ञही पुढे एनसीपीएत आला. जागा बांधायच्या आधी आणि बांधल्यावरही, तिथे काय ऐकायचं याचा विचार करणारी माणसं घरात होती.

वास्तुविशारद नेमले न्यूयॉर्कचे फिलिप जॉन्सन. 1979मध्ये पहिलं प्रित्झ्कर पारितोषिक मिळालेले. ध्वनीची जबाबदारी सिरिल हॅरिस यांच्याकडे, ज्यांनी मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसच्या ध्वनियोजनेत काम केलं होतं. ही जोडी ताज्या अनुभवातून आली होती. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधलं फिलहार्मनिक हॉल 1962मध्ये उघडलं आणि त्याच्या आवाजाबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. डागडुजी पुरेना, तेव्हा 1976मध्ये जॉन्सन आणि हॅरिस यांनी त्याचा आतला भाग पुरता पाडून नवा बांधला. सभागृह चुकलं की किती चुकतं, ते त्यांनी जवळून पाहिलं होतं.

ध्वनीचं गणित तसं जुनं आहे. 1895मध्ये हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कुणालाच कळत नव्हतं. वॉलेस सॅबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने खुर्च्यांच्या गाद्या आत-बाहेर नेऊन मोजमापं घेतली. आवाज बंद झाल्यावर तो साठ डेसिबल खाली यायला जितका वेळ लागतो, तो खोलीच्या घनफळावर आणि आतल्या वस्तू किती आवाज पितात यावर ठरतो, हे त्यातून निघालं. सिम्फनीला हा काळ सुमारे दोन सेकंद हवा असतो, म्हणजे शंभर वादकांचे सूर एकमेकांत विरघळतात. तबल्याला तेच दोन सेकंद मारक. तिरकिट संपायच्या आत आधीच्या बोलाचा गुंजारव त्यावर चढतो, द्रुत तानेचे दाणे ओल्या मिठासारखे एकमेकांना चिकटतात. उलट खोली अगदीच कोरडी असली तर मींड उघडी पडते आणि षड्ज लावून थांबणाऱ्या गवयाला कसलाच आधार मिळत नाही. आपल्या गाण्याला या दोन्हींच्या मधली जागा लागते, आणि ती अरुंद आहे.

आकाराचाही पेच होता. व्हिएन्नाचं म्युझिकफराइन किंवा बोस्टनचं सिम्फनी हॉल लांबट पेटीसारखं आहे. बाजूच्या भिंतींवरून परतणारा आवाज वाद्यवृंदाला भरगच्च करतो. पण तिथे शेवटच्या रांगेला कलाकाराचा चेहरा दिसत नाही. टाटा थिएटर पंख्यासारखं उघडतं, त्यामुळे 1,010 खुर्च्या रंगमंचाच्या जवळ सरकतात. याची किंमत असते: पंख्याच्या भिंती दूर पळतात, आणि त्यांच्याकडून न मिळणारा आवाज छताकडून व इतर पृष्ठभागांकडून मिळवावा लागतो. नाटकासाठी फिरता रंगमंचही दिला. 11 ऑक्टोबर 1980 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं.

सिम्फनी आणि ऑपेराची सोय मात्र वेगळी करावी लागली, आणि ते योग्यच होतं. एकच दालन दोघांना पुरेल असा हट्ट धरला असता तर दोघांचंही बिघडलं असतं. त्यासाठी 1,109 आसनांचं दुसरं नाट्यगृह बांधायला घेतलं. ते पूर्ण होत आलेलं असताना 1997मध्ये आगीत जळालं. जमशेदजींनी त्र्याऐंशीव्या वर्षी ते पुन्हा उभं करायला घेतलं आणि 1999मध्ये उघडलं. आज त्याला त्यांचंच नाव आहे. तिथला संगमरवरी जिना पेटिट हॉल या पाडल्या गेलेल्या जुन्या हवेलीतून वाचवून आणलेला. 2006मध्ये स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचं ते घर झालं. 2007मध्ये जमशेदजी गेले. भाभांचा मलबार हिलवरचा ‘मेहरांगीर’ बंगला त्यांनी संस्थेलाच दिला होता. 2014च्या लिलावात त्याचे 372 कोटी रुपये आले.

पण मला बोलायचंय ते टाटा थिएटरबद्दल. आता कुठल्याही सभागृहातल्या मैफलीत माइक गृहीतच धरतात. कलाकारांना त्याची सवय झाली आहे, स्वरयंत्रावरचा ताणही कमी होतो, हे मान्य. पण स्पीकरमधून आलेला आवाज सगळीकडे एकसारखा मोठा होतो, आणि गवयाने मुद्दाम बारीक केलेला स्वरसुद्धा तेवढाच मोठा लागतो. मग श्रोता कान पुढे करत नाही.

न्यूयॉर्कमधलं हॅरिस यांचं दालन आता राहिलेलं नाही. तेही पुन्हा आतून पाडलं आणि 2022मध्ये नव्या रूपात उघडलं. मुंबईतलं उभं आहे. तिथे वर्षातून काही मैफली तरी एकही माइक न लावता व्हाव्यात, तिकिटावर तसं छापावं आणि पहिल्या पाच मिनिटांत कानाला थोडं कमी वाटलं तरी बसून राहा, असं श्रोत्यांना आधीच सांगावं. धृपद किंवा रुद्रवीणेपासून सुरुवात करता येईल.