पेटीत साठवलेली वीज

मुलांनो, कळ दाबली की दिवा लागतो. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ही वीज आली कोठून, असा प्रश्नही आपल्या मनात उद्भवत नाही. परंतु ज्या दिवशी कळ दाबूनही दिवा लागत नाही, त्या दिवशी विजेचे खरे मोल कळते. आमच्या गावाला ते एका रात्रीत कळले.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन थडकले. वारा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वाहत होता. पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. घरांवरची कौले आणि पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. विजेचे खांब मोडले, तारा तुटून रस्त्यांवर लोंबू लागल्या. किनाऱ्यालगतच्या कित्येक गावांत त्यानंतर अनेक आठवडे वीज नव्हती. आमचे गाव त्यांपैकीच एक.

वादळाच्या दुसऱ्या रात्री आमच्या शेजारचा सात वर्षांचा मुलगा एकाएकी घाबराघुबरा झाला. त्याला दम्याचा विकार होता. औषधाचे बारीक तुषार श्वासावाटे देणारे नेब्युलायझर नावाचे लहानसे यंत्र त्या घरी होते, औषधही होते. त्याचे वडील कंदील घेऊन आमच्या अंगणात आले आणि म्हणाले, “गुरुजी, औषध आहे, यंत्र आहे, पण वीज कोठून आणू?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. अखेर गावातल्या चार तरुणांनी घोंगडीची डोली केली आणि पडलेल्या झाडांतून वाट काढीत त्या मुलाला आरोग्य केंद्रात नेले. तेथे जनित्रावर वीज सुरू होती. मूल वाचले, परंतु ती रात्र आम्ही कोणीच विसरलो नाही.

पुढे मी हिशेब केला. ते यंत्र सुमारे १०० वॅट वीज घेते व पाव तास चालवावे लागते. म्हणजे त्या रात्री आम्हांला जी वीज मिळत नव्हती, ती होती अवघी २५ वॅट-तास! एवढी वीज तर हातात सहज मावणाऱ्या एका लहान बॅटरीत राहते. मग ती आधीच साठवून का ठेवू नये? या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजकाल मिळणारी ‘पोर्टेबल पॉवर स्टेशन’ नावाची पेटी. आपण तिला ‘वीजपेटी’ म्हणू.

वीजपेटी दिसावयास अगदी साधी असते. वर एक मूठ, पुढच्या अंगाला काही खाचा आणि आकडे दाखवणारी एक लहानशी काच. मध्यम आकाराच्या पेटीचे वजन बारा किलोच्या आसपास भरते. परंतु तिच्या पोटात चार निरनिराळे कामगार गुण्यागोविंदाने नांदत असतात. पहिली बॅटरी, ती वीज साठवते. दुसरा इन्व्हर्टर, बॅटरीतून निघणारा दिष्ट प्रवाह, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, तो घरातील उपकरणांना चालणाऱ्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात बदलतो. तिसरा भरण-नियंत्रक, सौर पॅनेलकडून किंवा भिंतीतल्या खाचेतून येणारी वीज तो बॅटरीला मानवेल अशा बेताने आत घेतो. चौथा कामगार म्हणजे बॅटरीचा रखवालदार. बॅटरी फाजील भरू नये, अगदी रिती होऊ नये, तापू नये, यांवर तो अहोरात्र डोळा ठेवतो आणि धोका दिसताच प्रवाह तोडतो.

वीज साठवण्याची ही युक्ती काही आजची नव्हे. १८०० साली व्होल्टा नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने दोन वेगवेगळ्या धातूंच्या चकत्या आणि त्यांच्या मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे अशी उतरंड रचून अखंड वाहणारा विद्युत्प्रवाह मिळवला. परंतु ती उतरंड एकदा थकली की थकलीच. १८५९ साली गास्टन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसे व आम्ल यांची बॅटरी तयार केली. ती पुन्हा पुन्हा भरता येऊ लागली. मोटारींत आणि घरच्या इन्व्हर्टरखाली दिसणाऱ्या जड बॅटऱ्या याच कुळातल्या. त्यानंतर १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. लिथियम हा सर्वांत हलका धातू. म्हणून थोड्या वजनात पुष्कळ शक्ती साठवणे शक्य झाले. या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ यांचे वय ९७ वर्षांचे होते! आजच्या पुष्कळ वीजपेट्यांत लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांची बॅटरी असते. ती इतर लिथियम बॅटऱ्यांच्या मानाने सहसा पेट घेत नाही आणि हजारो वेळा भरली तरी टिकते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. हौदात पाणी साठावे तशी बॅटरीत वीज ‘वीज’ म्हणून साठत नाही. बॅटरी भरताना लिथियमचे विद्युत्भारित कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ढकलले जातात. आपण दिवा लावला की ते माघारी येऊ लागतात आणि त्या ओघात बाहेरच्या तारेतून विद्युत्प्रवाह वाहतो. म्हणजे विजेचे रूपांतर रासायनिक शक्तीत होते आणि त्या शक्तीचे पुन्हा विजेत.

असे असले, तरी हिशेब समजण्यासाठी हौदाची उपमा फार उपयोगी पडते. हौदात पाणी किती आहे, ही एक गोष्ट. आणि तोटी किती रुंद आहे, ही दुसरी. वीजपेटीवरही असेच दोन आकडे असतात. ‘१००० वॅट-तास’ हा साठ्याचा आकडा, म्हणजे हौद. ‘१००० वॅट’ हा एका वेळी मिळणाऱ्या विजेचा आकडा, म्हणजे तोटी. या दोहोंत गल्लत केली की फसगत ठरलेलीच.

आता आपण एका रात्रीचा हिशेब मांडू. १००० वॅट-तासांच्या पेटीतून सर्वच वीज हाती येत नाही. इन्व्हर्टरमध्ये काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. सुमारे ८५० वॅट-तास हाती येतात, असे धरू. ९ वॅटचे तीन एलईडी दिवे पाच तास लावले, तर १३५ वॅट-तास लागले. ३० वॅटचा नव्या पद्धतीचा एक पंखा आठ तास फिरला; २४० झाले. दोन मोबाइल भरण्यास ४० पुरेत. नेब्युलायझर दोन वेळा चालवले, तर ५०. सारी बेरीज ४६५. म्हणजे एक रात्र सुखाने सरून दुसऱ्या रात्रीसाठीही शिल्लक राहिली.

परंतु याच पेटीवर पाणी तापवण्याचा २००० वॅटचा गीझर चालवू गेलो तर? तोटीच अपुरी, पेटी तत्काळ बंद पडेल. इस्त्री, शेगडी, गीझर यांसारखी उष्णता देणारी उपकरणे विजेची मोठी खादाड असतात. पाण्याचा पंप आणि शीतकपाट यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांतील मोटर सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, म्हणून आधी चौकशी केल्यावाचून ती पेटीला जोडू नयेत. तात्पर्य, पेटी विकत घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. संकटाच्या वेळी कशावाचून चालेल आणि कशावाचून चालणार नाही, हे ठरवणे हाच या विद्येचा पहिला धडा आहे.

हौद रिता झाल्यावर तो भरावयाचा कसा? तारेतली वीज असेल तर प्रश्नच नाही. ती नसेल, तर सूर्यनारायण आहे! २०० वॅटचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसभर नीट ठेवले, तर ऊन, धूळ आणि तिरपी किरणे यांमुळे होणारी तूट वजा जाता ७०० वॅट-तासांच्या आसपास वीज मिळू शकते. मात्र आभाळ भरून आले असेल, तर ती पाचव्या हिश्श्यावर, कधी त्याहूनही खाली येते. आणि वादळे नेमकी ढगांसोबतच येतात! म्हणून आकाश अंधारू लागण्यापूर्वीच पेटी काठोकाठ भरून ठेवावी.

जेथे विजेची तारच पोहोचत नाही, तेथे तर अशी साधने नित्याचा आधार होतात. मुंबईच्या अगदी डोळ्यांसमोर असलेल्या घारापुरी बेटावर समुद्रातून केबल टाकून तारेची वीज पोहोचली, ती २०१८ साली. तोपर्यंत तेथील गावकरी संध्याकाळचे मोजके तास चालणाऱ्या जनित्रावर भागवीत होते. राजस्थानातील तिलोनिया येथे १९७२ साली स्थापन झालेल्या बेअरफूट कॉलेज या संस्थेने खेड्यापाड्यांतील, अक्षरओळखही नसलेल्या स्त्रियांना सौर दिवे जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण दिले. त्या स्त्रियांनी आपापल्या गावी जाऊन घरे उजळली. साधन नुसते असून भागत नाही. ते जाणणारा माणूस गावातच असावा लागतो, हे त्यांच्या कामावरून दिसून येते.

वीजपेटी जनित्राप्रमाणे धूर सोडत नाही, हा तिचा मोठा गुण. जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत तो झोपलेल्या माणसांचा प्राण घेतो. म्हणून जनित्र कधीही घरात चालवू नये. वीजपेटी घरात ठेवता येते. पण तिचेही काही नियम आहेत. ती पाण्यापासून आणि उन्हापासून दूर, मोकळ्या हवेत ठेवावी. चालू असताना तिच्यावर कापड किंवा गोधडी टाकू नये. ती फुगली, चेपली किंवा तिला जळका वास येऊ लागला, तर ती वापरू नये; ताबडतोब वडील माणसांना सांगावे. ती उघडण्याचे धाडस मुळीच करू नये. निरुपयोगी झालेली बॅटरी कचऱ्यात न टाकता, ती गोळा करणाऱ्या केंद्रात द्यावी.

सर्वांत महत्त्वाचा नियम आता सांगतो. पेटीची वीज भिंतीतल्या खाचेतून उलट घराच्या तारांत सोडण्याचा प्रयत्न कधीही करू नये. तसे केल्यास ती वीज घराबाहेरच्या तारांत शिरू शकते आणि ट्रान्सफॉर्मरमधून उलट जाताना तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढू शकतो. त्याच वेळी आपल्यासाठी भर पावसात खांबावर चढलेला वायरमन तार निर्जीव आहे असे समजून काम करीत असतो. आपल्या घरातला एक दिवा त्याच्या घरातला दिवा विझवू शकतो, हे विसरू नका. उपकरणे थेट पेटीलाच जोडावीत.

आज आमच्या गावच्या वाचनालयात अशी एक वीजपेटी आहे. गावाने वर्गणी काढून ती घेतली. तिच्याशेजारी एक वही टांगली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेटी तपासावयाची, तिच्यात किती वीज आहे ते वहीत लिहावयाचे आणि ती उतरली असल्यास भरून ठेवावयाची, असा रिवाज आहे. बॅटरी महिनोन्‌महिने रिती पडून राहिली तर ती बिघडते. म्हणून ही वही पेटीइतकीच मोलाची.

ती वही कोण लिहितो, ठाऊक आहे? वादळाच्या रात्री ज्याला घोंगडीच्या डोलीतून न्यावे लागले, तो मुलगा आता तुमच्याएवढा झाला आहे. त्याचे अक्षर अद्याप म्हणावे तसे वळणदार नाही. पण आजवर एकही रविवार त्याने चुकवलेला नाही.