स्क्रूवरचा ठिपका

जपानी मोटारसायकलच्या इंजिनावरचा स्क्रू नीट पाहिला, तर डोक्यावरच्या फुलीशेजारी सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो. ही जपानी मानकाची खूण. आपल्या घरोघरी असलेल्या स्क्रू ड्रायव्हरची फुली जरा वेगळी. तो या खाचेत बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की सटकतो आणि खाच सोलून काढतो. म्हणून जुनी गाडी पाहायला आलेला जाणकार टाकीच्या चकाकीला भुलत नाही. आधी उकिडवा बसतो आणि स्क्रू बघतो. फुलीच्या कडा धारदार असतील, तर इंजिन एक तर उघडलेलंच नाही, नाही तर समजदार हातांनी उघडलंय.

मला हे कळेपर्यंत उशीर झाला होता. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली थोरल्या भावाची १९८६ची यामाहा आरएक्स १०० उभी असायची. तो परदेशी गेला, गाडी माझ्याकडे आली आणि मी हौसेनं तिला 'नवी' करून घेतली. टाकी घासून रंगवली, बाजारातले स्टिकर लावले, मूळ आरसे आणि सायलेन्सर गॅरेजमध्येच सोडून आलो. गणपतीत सगळ्यांनी कौतुक केलं. पुढे एक संग्राहक गाडी बघायला आले. दोनदा भोवती फिरले आणि म्हणाले, "रंग छान झालाय. पण गाडी कुठाय?"

दार बंद होतं

जगात जुन्या जपानी स्पोर्ट्स कारला आज देव्हाऱ्यात जागा आहे. टोयोटा २०००जीटी १९६७ ते १९७० या काळात अवघ्या ३५१ बनल्या. त्यांतली एक २०१३च्या लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेली. निस्सानची फेअरलेडी झेड आणि पहिली स्कायलाइन जीटी-आर, दोन्ही १९६९च्या. आपल्याकडे त्या वर्षांत अँबॅसिडर, फिएट आणि स्टँडर्ड एवढीच निवड, तीही नंबर लावून. परदेशी गाडी रस्त्यावर दिसली तर ती बहुधा वकिलातीकडून आलेली. पुढे हौशी माणसाला जुनी गाडी आयात करायची सोय झाली, पण अट होती १९५०पूर्वीच्या बनावटीची. जपानची एकही नावाजलेली स्पोर्ट्स कार त्या अटीत बसत नव्हती, कारण त्या सगळ्या नंतरच्या. २०२५ मध्ये ही अट पन्नास वर्षं जुन्या गाडीची झाली, तेव्हा दार किलकिलं झालं. पण त्यापुढे सीमाशुल्काचा डोंगर आहेच.

मग दादरमध्ये जपानी वेगाचा वारसा शोधायचा कुठे? एक धागा कुर्ल्याला निघतो. प्रीमियर कंपनीनं १९८५ मध्ये '११८ एनई' ही मोटार आणली. अंगानं ती जुनी फिएट १२४, पण 'एनई' म्हणजे निस्सान इंजिन. ११७१ सीसीचं हे ए१२ इंजिन दॅटसन १२०० या छोट्या गाडीतलं, आणि त्या गाडीच्या कूपेनं जपानमधल्या शर्यतींत नाव कमावलं होतं. आपल्याकडे हे इंजिन डॉक्टर-वकिलांच्या सभ्य मोटारींत बसलं. पद्मिनी टॅक्सीला ऑक्टोबर २०२३ मध्ये शहरानं डोळे पुसत निरोप दिला. एनई मात्र गुपचूप भंगारात गेली, तिच्यासाठी कुणी फोटो काढले नाहीत.

ऑर्गनवाल्याची गाडी

दुसरा धागा दोन चाकांवर आहे आणि तो थेट २०००जीटीपर्यंत पोचतो. ती गाडी टोयोटाची खरी, पण घडवली यामाहानं. क्राउन मोटारीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर यामाहानं नवं हेड चढवलं, गाड्या जोडल्या त्याही यामाहाच्या इवाताच्या कारखान्यात. डॅशबोर्डचं लाकूडकाम वाद्यं बनवणाऱ्या कारागिरांचं.

वाद्यांचा हा संबंध वरवरचा नाही. तोराकुसू यामाहा यांनी १८८७ मध्ये हामामात्सूच्या शाळेतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला आणि मग स्वतःच बनवायला घेतला. कंपनीची सुरुवात तिथे. संगीत नाटकांच्या साथीला ज्या जातीचा ऑर्गन वाजायचा, त्याच जातीचा तो, रीडचा. मोटारसायकलचा व्यवसाय १९५५ मध्ये वेगळा झाला, तरी टाकीवरच्या चिन्हात तीन ट्यूनिंग फोर्क राहिले. आणि आरएक्सच्या इंजिनात कार्बोरेटरच्या पुढे जी झडप असते तिचं नाव काय? रीड व्हॉल्व्ह. ऑर्गनमध्ये हवा गेली की पट्टी कंप पावते. इथे पिस्टन वर गेला की पातळ पट्ट्या उघडून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेतात आणि तो खाली आला की मिटून ते परत जाऊ देत नाहीत. टू-स्ट्रोकचा तो फडफडता, मग एकदम तीव्र होणारा आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांना हे नातं पटेल.

एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये यामाहाची आरडी ३५० 'राजदूत ३५०' या नावानं आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. त्याच आकाराच्या बुलेटची ताकद १८ हॉर्सपॉवर, हिची ३०च्या वर, आणि हीही मूळ जपानी गाडीची ३९ हॉर्सपॉवर कमी करून ठेवलेली! पुढचा डिस्क ब्रेक मात्र काढून ड्रम लावला होता. पळायची ताकद जपानची, थांबायची आपली. आरडीचा अर्थ लोकांनी 'रॅपिड डेथ' लावला, तो उगाच नव्हे. पुढे 'एलटी' आवृत्तीत ताकद आणखी उतरवली. पेट्रोलची भूक भागवणं मध्यमवर्गाला जमलं नाही आणि दशक संपता संपता ती बंद झाली.

१९८५च्या अखेरीस आली आरएक्स १००. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या भागांतून जोडलेल्या. प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर १९९६ मध्ये ती थांबली. दादरच्या कॉलेजकट्ट्यांवर तिच्याइतकी चर्चा दुसऱ्या कुठल्या यंत्राची झाली असेल असं वाटत नाही.

मूळ म्हणजे काय

जुन्या गाडीच्या बाजारात एक शब्द अजून चालतो: 'पारशी ओनर'. एवढ्यावर किंमत वाढते. दादर पारशी कॉलनीतून फाइव्ह गार्डन्सच्या बाजूनं सकाळी चालत गेलात तर कारण दिसतं. बुटक्या इमारती, कंपाउंड, झाडाची सावली, आणि रविवारी फडका घेऊन गाडीपाशी बसलेला मालक. हे फक्त हौसेचं काम नाही. जागा होती म्हणून गाड्या टिकल्या. शिवाजी पार्कच्या बाजूला इमारत पुनर्विकासाला गेली की भाड्याच्या घरात माणसांची सोय होते, ताडपत्रीखालच्या गाडीची होत नाही. ती आठवड्याभरात कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सुट्या भागांत पोचते.

संग्राहकांच्या लेखी गाडी तीन प्रकारची. पहिली 'कंपनी फिटेड': मूळ रंग, मूळ भाग, वयाचे ओरखडे. दुसरी रिस्टोअर केलेली. तिसरी जोडतोड: एकीची चासी, दुसरीचं इंजिन. नव्या माणसाला दुसरी सर्वांत मोहक वाटते. पण जुन्या गाड्यांची जागतिक संघटना, फिवा, हिची ट्युरिन सनदही जपणुकीलाच झुकतं माप देते. जुन्या वास्तूंसाठीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेचाच तो धडा. देवळाच्या दगडाला ऑइल पेंट फासलेला पाहून आपण हळहळतो. टाकीच्या बाबतीत तीच गोष्ट आपण दुकानात पैसे मोजून करून घेतो.

मूळपण सिद्ध होतं ते पुराव्यानं. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळायला हवेत. आकडे ठोकलेत की घासून पुन्हा पाडलेत, हे ठशाच्या खोलीवरून आणि ओळीवरून कळतं. दिव्याच्या काचेवर कोइतो किंवा स्टॅनले, कार्बोरेटरवर मिकुनी, ही नावं वाचायची. पिस्टन मूळ मापाचा आहे की बोअर करून ओव्हरसाइज टाकलाय, ते विचारायचं. १९८९ पूर्वीची नोंदणी असेल तर एमएच नसलेला जुना नंबर, हाही दाखलाच. पहिलं बिल, सर्व्हिसिंगची कुपनं, सीटखालचं टूल किट, मालकाचं पुस्तक, जुना फोटो: यांतलं काहीच भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर चढत नाही, म्हणून तेच आधी रद्दीत जातं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरभर तळमजल्यांत पाणी शिरलं. भिजलेलं इंजिन उघडून वाळवता येतं. भिजलेलं आरसी बुक पुन्हा वाचता येत नाही.

अजून म्हातारी नाही

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळवू शकते. पहिल्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

हिशेब केला तर पहिली राजदूत ३५० या व्याख्येत २०३३ मध्ये येईल. आरएक्स आणि ११८ एनई २०३५ मध्ये. तोवर त्या कायद्याच्या लेखी फक्त जुन्या गाड्या: पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर, दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग, आणि वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात फुगणारे रबरी भाग. म्हणजे येती आठ-दहा वर्षंच सर्वांत धोक्याची. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ती चालवण्याइतकीच लिहून ठेवायला हवी. काय मूळ, काय बदललं, कधी, का. फोटो, नंबर, तारीख, सही. संग्रहालय लागत नाही, एक जाड वही पुरते.

मी तशी वही केली आहे. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: 'टाकीचा मूळ रंग नष्ट. आरसे, सायलेन्सर गेले. जबाबदार: मी.' पुढच्या पानावर टाकीच्या पोटाचा फोटो आहे. सीटच्या टोकाखाली, रंगाऱ्याचा फवारा पोचला नाही तिथे, तळहाताएवढा जुना काळा रंग अजून आहे. आणि इंजिनाच्या डाव्या झाकणावर तीन स्क्रू असे आहेत की त्यांच्या फुलीला आजवर चुकीचं हत्यार लागलेलं नाही. ठिपके दिसतात. ते झाकण मी कुणाला उघडू देत नाही.