निवाडा न करणारं दार

समाजकार्याच्या वर्गात पहिल्याच सत्रात 'नॉन-जजमेंटल' हा शब्द कानावर पडतो. मराठीत त्याला धड प्रतिशब्द रुळलेला नाही. 'निवाडा न करणं' हा त्यातल्या त्यात जवळचा. फेलिक्स बायस्टेक यांनी १९५७ सालच्या पुस्तकात केसवर्कची, म्हणजे एकेका व्यक्तीसोबत करायच्या समाजकार्याची, सात तत्त्वं मांडली. त्यांत हे एक, आणि समोरच्या माणसाचा स्वयंनिर्णय हे आणखी एक. अडचण अशी की या क्षेत्रात येणारी माणसं ठाम मूल्यं असतात म्हणूनच तर येतात. मग ती चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवायची का? माझ्या मते नाही. मूल्यं आत न्यायचीच, मात्र त्यांनी मोजायचं ते आपलं वागणं, समोरच्याचं आयुष्य नव्हे.

समजा, सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलापुढे सतरा वर्षांची गरोदर मुलगी आईसोबत बसली आहे. हातात घडी पडलेला केसपेपर. तिला गर्भपात हवा आहे, पण ज्याच्यापासून ती गरोदर राहिली त्या मुलाविरुद्ध तक्रार नको आहे. अधीक्षकांना गर्भपात पाप वाटत असेल, किंवा त्या मुलाला तुरुंगात धाडलंच पाहिजे असं वाटत असेल. (दुसरं मत पुरोगामी दिसतं, पण लादलं की तेही तितकंच जड होतं.) दोन्ही मतं इथे गैरलागू आहेत. कायद्याने पालकाची लेखी संमती लागते आणि बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना माहिती देणं बंधनकारक आहे. त्यात कुणाच्या मर्जीचा प्रश्नच नाही. मात्र मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांनी त्या माहितीत तिचं नाव उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटलं आहे. हे मायलेकींना आधीच, सोप्या शब्दांत सांगणं म्हणजे नीती. अधीक्षकांची करुणा खरी असेल तर ती इथे दिसेल, प्रवचनात नाही.

यावर आक्षेप येतो की निवाडा न करणारा माणूस अन्यायापुढेही गप्प बसेल, आणि आपली परंपरा तर सुधारकांची. त्याला उत्तर याच परंपरेत आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांना केशवपनात आणि एकांतवासात ढकलणाऱ्या व्यवस्थेवर त्यांच्याइतकं कडाडून बोलणारं तेव्हा क्वचितच कुणी होतं. पण गृहाच्या दारात आलेल्या बाईला सांगणं एवढंच होतं: गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं की ठेवून जावं हे तिनेच ठरवावं. बायस्टेक यांच्या पुस्तकाआधी ९४ वर्षं स्वयंनिर्णय पुण्यात असा अमलात होता. राग व्यवस्थेवर होता, आलेल्या बाईवर नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदल्या.

स्वयंनिर्णयाला हद्द आहेच. आईबापांना पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न उरकायचं असेल, तर तो त्यांचा निर्णय आहे, तिचा नाही. तिथे कार्यकर्त्याने ते लग्न थांबवलंच पाहिजे.

पण ही नीती पाळायला लावणार कोण? १९९७ साली भारतातल्या समाजकार्य शिक्षकांनी व्यावसायिक नीतीचा जाहीरनामा तयार केला. त्याला कायद्याचं बळ नाही. चुकलेल्या डॉक्टरची नोंदणी किंवा वकिलाची सनद रद्द होऊ शकते. सगळ्या समाजकार्यकर्त्यांसाठी मात्र आपल्या देशात अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही.